‘जिजा’ जहाजाला टेकू

आगाशीच्या हरेश्वरभाऊंच्या वाडीत वाऱ्यावादळातही केळ आडवी व्हायची नाही. टेबलावरचं त्यांचं जहाज मात्र दर रविवारी न चुकता फुटायचं. साठीनंतर माणसं भजनाला लागतात, भाऊ अंतराळयुद्धाला लागले. हा पत्त्या-फाशांचा बैठा खेळ आणला त्यांचा वसईचा शाळूसोबती एरॉल याने. गणिताचा निवृत्त मास्तर, तेव्हा हरवण्यात दयामाया नाही.

दोघांना शंभर-शंभर गुण मिळत. त्यात एक मोठं जहाज घ्यायचं, म्हणजे फ्लॅगशिप; ते फुटलं की डाव संपला. त्याला तोफा, ढाली, कप्तान यांचे पत्ते लावायचे आणि उरल्या गुणांत लहान जहाजं घ्यायची. भाऊंचं काही उरतच नसे. दिसला पत्ता की लाव. जहाज नवरीसारखं मढलेलं आणि सोबतीला चिटपाखरू नाही. एरॉलची पाच किरकोळ जहाजं चहूकडून येत आणि चहा गार व्हायच्या आत कारभार आटपत.

हरणंही भाऊंना चाललं असतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं नाव कशावर घातलं असेल, तर ते याच जहाजावर. बुडाशी कागदाची पट्टी होती: ‘जिजा’. आणि जिजावहिनी वाळवलेल्या सुकेळ्यांची बशी घेऊन समोरच बसलेल्या असत.

सातव्या रविवारी त्या म्हणाल्या, “आता पुन्हा बुडालं, तर माझं नाव काढून टाका.”

“वहिनी, अंतराळात जहाज बुडत नाही,” एरॉल म्हणाला.

“यांचं बुडतं.”

भाऊंना ते फार लागलं. आठवडाभर ते पत्ते लावत-काढत राहिले. शनिवारी वाडीत पाणी सोडतानाही पत्ते खिशात होतेच. जिजावहिनी एका केळीपाशी थांबल्या. भला मोठा घड लागून ती पार कलली होती.

“लक्ष कुठाय तुमचं? एवढं वजन हिच्या डोक्यावर आणि टेकू नाही?”

भाऊंनी बांबू आणून टेकू दिला, दोर आवळला आणि तिथेच एकटे हसत सुटले. वहिनींना वाटलं, ऊन लागलं.

रविवारी ‘जिजा’ आली ती एक तोफ आणि एक ढाल एवढ्यानिशी. बाकी सगळे पत्ते पेटीत. सोबत दोन लहान जहाजं, त्यातल्या एकावर नवी पट्टी: ‘हरेश्वर’. एरॉलने चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

“नवरीबरोबर पाठराखीण जाते रे. तुझ्याकडे नवराच निघाला?”

सहाव्या फेरीत एरॉलच्या तोफा ‘जिजा’कडे वळल्या. भाऊंनी ‘हरेश्वर’ मध्ये घातलं. फासे पडले आणि ते फुटलं. पुढच्याच फेरीत ‘जिजा’ने एरॉलचं मोठं जहाज टिपलं आणि डाव भाऊंचा झाला.

शाबासकीसाठी ते बायकोकडे वळले. जिजावहिनी पेटीत टाकलेलं ते बोटभर ‘हरेश्वर’ उचलून बघत होत्या. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

“पुढल्या रविवारी ती ढाल याला लावा,” त्या म्हणाल्या. “माझं मी बघते.”