तेलघाण्याचं वळण

निमलननं आईला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. एकुलता एक मुलगा, टोरांटोत राहणारा, आणि स्वभावानं बापाच्या वरताण काळजीखोर. तिथं त्याची रात्रीची जेवणं उरकली की इथं याळप्पाणममध्ये, म्हणजे जाफन्यात, तवमलरच्या हातात सकाळचा कोरा चहा असे, आणि नेमका तेव्हा त्याचा फोन वाजे. पेट्रोल नाही, गॅस नाही, वीज नाही, तुला साखर आहे, उद्या रात्री काही झालं तर दवाखान्यात कोण नेणार, असा त्याचा पाढा. जुलै संपला की घराला कुलूप घालायचं आणि कोलंबोला मोठ्या मावशीच्या फ्लॅटवर जायचं, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. तवम एकदा त्या फ्लॅटवर जाऊन आली होती. तिथल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते आणि खाली वाकलं तर तिसऱ्याचे कपडे. तिला पंचावन्नावं चालू होतं, नव्वदावं नव्हे.

पण मुलाच्या बोलण्यात खोट काढायची तरी कशी? नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. स्कूटी जुनी साडी पांघरून पडवीत बसली होती आणि पेट्रोलच्या रांगेत माणसं चटया घेऊन झोपत होती. घरून, उरुम्पिरायहून, कोप्पायला महिला संघाच्या शिवणवर्गावर शिकवायला जायचं तर बस होती. पण त्या दिवसांत बसमध्ये शिरायला पैलवानाचं अंग लागे. शेजारी राहणारी धाकटी जाऊ लोजिनी शिरायची, ती कुठंही शिरते. तवमचे दोन वर्ग बुडाले, तिसऱ्याला मुलींनी निरोप पाठवला की टीचर, आता कायमचं बंद का? त्या दिवशी तवमनं मान वर केली आणि पडवीच्या आढ्याकडे पाहिलं.

आढ्याला सायकल टांगलेली होती.

ती तिथं होती ती सासूबाईंमुळे. तवम त्यांना मामी म्हणे, आमच्याकडे तसंच म्हणतात. स्कूटी घरात आली तेव्हा भंगारवाल्याला बोलावलं होतं, आणि मामी दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. लढाईत सगळा मुलूख एका रात्रीत घरंदारं सोडून निघाला, तेव्हा मामी याच सायकलच्या कॅरियरवर बसून चावकच्चेरीपर्यंत गेल्या होत्या, मांडीवर तांदळाची पिशवी, आणि तवम चिखलातून सायकल ढकलत होती. नवऱ्याच्या सायकलवर पुढं दांडीवर पाच वर्षांचा निमलन. त्याआधी पेट्रोल-बॅटऱ्यांवरच्या बंदीच्या दिवसांत हीच सायकल उलटी करून, पेडल हातानं फिरवून, डायनमोवर रेडिओ चालायचा. असली वस्तू भंगारात घालायची? मामींनी ती स्वतः उभं राहून आढ्याला टांगून घेतली. दर नवरात्रात ती खाली उतरवायला लावायच्या, तेल घालायच्या, हँडलला आणि कॅरियरला चंदन लावायच्या. तवमची चिडचिड व्हायची. म्हातारीला उद्योग नाही, असं ती नवऱ्याला ऐकवायची. मामी गेल्यावरही सवयीनं हे तेलपाणी चालूच राहिलं.

म्हणून त्या सकाळी सायकल उतरवली तेव्हा चाकं गरकन फिरली. टायर तेवढे नवे घालावे लागले. तवमनं घंटी वाजवून पाहिली आणि मनातल्या मनात मामींच्या पाया पडली.

सायकल विसरत नाही म्हणतात ते खरं, पण गुडघे विसरतात. पहिल्या दिवशी ती पायरीला टेकवून बसली, पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापर्यंत गेली आणि उतरताना कुंपणावर गेली. ताडाच्या झावळ्यांचं कुंपण तिच्या वजनानं वाकलं. पलीकडून लोजिनीचं डोकं वर आलं.

"अक्का, कुंपण आपल्या दोघींचं आहे बरं का. माझ्या बाजूला पडा, पण जरा सांगून."

लोजिनी तोंडानं तिखट, मनानं वाईट नाही. ती पन्नाशीची, नवऱ्याच्या नोकरीपायी लढाई संपेपर्यंत कोलंबोत राहिलेली. तिला सायकल येत नव्हती, आणि येत नाही हे ती मोठेपणानं सांगायची. निमलनला इथल्या बातम्या पुरवण्याचं काम तिनंच अंगावर घेतलं होतं.

आठवडाभरात तवम कोप्पायला जाऊ लागली. सकाळी तांदळाच्या पिठाचा पिट्टू आणि नारळाच्या सांबलचा डबा हँडलला अडकवायचा, पदर कमरेला खोचायचा आणि निघायचं. अंग हलकं झालं, साखर उतरली, रात्री झोप लागू लागली. रस्त्यात तिच्याच वयाच्या बायका दिसू लागल्या. कुणाची तरी नातीची सायकल, कुणाची गंजकी, पण चालवण्याची ऐट तीच जुनी. पाठ ताठ, नजर समोर, एका हातात छत्री. ज्या बायका गेली पंधरा वर्षं एकमेकींना लग्नाच्या मांडवातच भेटत होत्या, त्या आता रस्त्यावर घंटी वाजवून एकमेकींची विचारपूस करू लागल्या. पेट्रोल गेल्याचं दुःख पुरुषांनाच जास्त झालं असावं, असं तवमला वाटू लागलं.

आणि मग एका सकाळी निमलनचा फोन आला तो रागावलेलाच.

"अम्मा, काकूनं तुला बसमधून दोनदा पाहिलं. तेलघाण्याच्या वळणावर तू सायकल हातात धरून चालत होतीस. मान खाली घालून. तुला धाप लागते आणि तू माझ्यापासून लपवतेस."

"मी कुठंही उतरत नाही," तवम म्हणाली. "घरापासून थेट कोप्पायपर्यंत. तिला दुसरंच कुणी दिसलं असेल."

"साडीसुद्धा सांगितली तिनं. तुझी निळी. झालं आता, मी मावशीला कळवतो."

फोन ठेवल्यावर ती कुंपणापाशी गेली. लोजिनीला झापायचं असं ठरवून गेली होती, पण लोजिनी पडेल चेहऱ्यानं उभी होती. चुगली करायची नव्हती हो, ती म्हणाली, पण तुम्ही ज्या तऱ्हेनं चालत होतात ते पाहून मला राहवलं नाही. मी खिडकीतून हाक मारली, तुम्ही वर पाहिलंही नाहीत.

तवम खोटं बोलत नव्हती, आणि लोजिनीही नव्हती. ओट्यावर बसून तिनं डोळे मिटले आणि रोजचा रस्ता मनात चालवून पाहिला. देऊळ, शाळा, चर्च, केळीची बाग, आणि मग एकदम कोप्पायचा चौक. केळीची बाग आणि चौक यांच्यामधलं तेलघाण्याचं वळण तिला आठवतच नव्हतं. रोज जाता-येता दोनदा ओलांडते ती, आणि तिथं काय करते ते ठाऊक नाही. तिच्या आईचं डोकं साठीतच गेलं होतं, शेवटी मुलींना ओळखेना. तसं असेल तर निमलनचंच बरोबर. मग कोलंबोच काय, कुठंही नेऊन ठेवा.

दुसऱ्या दिवशी वर्गाला निघताना तिनं ज्ञानमला बरोबर घेतलं. ज्ञानम शाळेपासूनची मैत्रीण, टपाल कचेरीतून निवृत्त, नुकतीच सायकलवर परतलेली. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू माझ्यावर नजर ठेव, मी काय करते ते नंतर खरं खरं सांग. ज्ञानम म्हणाली, सांगते, पण अगोदर माझ्या सुनेचं ऐक. आणि सुरू झाली. सुनेनं सांबारात काय घातलं, सून आईकडे किती वेळा जाते, असं चर्चपर्यंत चाललं. केळीची बाग आली. तिथं ज्ञानम बोलायची थांबली. पुन्हा बोलू लागली तेव्हा कोप्पायचा चौक समोर दिसत होता.

"मी उतरले का गं?" तवमनं विचारलं.

ज्ञानमनं ब्रेक दाबला. तिचा चेहरा विचित्र झाला होता. तिच्या डाव्या हातात काहीतरी होतं. तिनं हात वर करून पाहिला. प्लास्टिकच्या पाकिटातलं तिचं ओळखपत्र.

"हे कधी काढलं मी?" ती म्हणाली.

दोघींनी मागं वळून पाहिलं. तेलघाण्याची पडकी भिंत, भिंतीला टेकून वाळत घातलेल्या झावळ्या, एक बकरी. बाकी रस्ता मोकळा. पण सायकलवरून बघताना दोघींना तो लढाईच्या दिवसांत होता तसा दिसला. वाळूच्या पोत्यांची भिंत, आडवा बांबू, आणि बांबूच्या बरंच अलीकडे उतरायचं. सायकलवर बसून कुणी पुढं जायचं नाही. मान खाली, कार्ड हातात, पोरानं साडीला घट्ट धरलेलं, पिशवी उघडून दाखवायची आणि पलीकडे पोचल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. लष्कराचा तो नाका उठून तेरा वर्षं झाली होती. स्कूटीवरून दोघी शेकडो वेळा तिथून भुर्रकन गेल्या होत्या, काही झालं नव्हतं. सायकलवर बसल्या आणि पाय आपले जुन्या हुकमाला जागले.

आधी ज्ञानम हसली. मग तवम. हसता हसता तवम रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि तिला रडू आलं. डोकं ठिकाणावर होतं. देवा, डोकं ठिकाणावर होतं.

त्या संध्याकाळी तिनं मुलाच्या फोनची वाट पाहिली नाही, स्वतःच लावला. तिथं सकाळ होती, तो कामावर निघत होता. तिनं सगळं सांगितलं, अगदी ज्ञानमच्या कार्डापर्यंत.

"ऐकतोयस ना? मला धाप लागत नाही. रस्ता सपाट आहे, याळप्पाणमला चढ मी कुठून आणू?"

"अम्मा," तो म्हणाला, "मी कॅरियरवर असायचो. बाग आली की तू म्हणायचीस, पाय खाली सोड, माझ्या साडीला धर, कुणाकडे बघू नकोस. मी तुझ्या चपलांकडे बघत चालायचो." मग म्हणाला, "इथं पोलीस दिसला की माझे हात अजून आपोआप खिशातून बाहेर येतात. सविता हसते. मी तिला काही सांगत नाही."

"सांग तिला," तवम म्हणाली. "बायकोला नाही सांगायचं तर कुणाला?"

मावशीकडे जायचं काय, हे तिनं विचारलं नाही. त्यानंच मग सांगितलं की मावशीला तो काहीतरी सांगेल, पण कोप्पायला पोचलीस की एक रिंग द्यायची, रोज. तवमनं लगेच कबूल केलं. एवढी किंमत फार नव्हती.

वळण मात्र सुटेना. आता दोघींना ठाऊक होतं, तरी बाग आली की बोटं ब्रेकवर जात. एक दिवस नेटानं चालवत न्यायचं ठरवलं तर ज्ञानम इतकी डगमगली की केळीच्या चरात गेली. मग दोघी आपल्या उतरत आणि चालत. त्या वळणानं बरीच माणसं पाहिली होती, थोडं चाललं तर काय बिघडतं, असं ज्ञानम म्हणे.

अशात एका संध्याकाळी लोजिनी कुंपणाशी आली. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाली, "अक्का, मला शिकवाल? पण निमलनला कळवू नका. मी त्याला काय काय सांगितलंय, तो मला सोडणार नाही."

शाळेच्या मैदानावर तिला शिकवायचं म्हणजे तवमनं कॅरियर धरून पळायचं आणि लोजिनीनं पुढं बसून देवाला हाका मारायच्या. ती पडली, सोलवटली, रुसली, पुन्हा आली. नवरात्र लागेपर्यंत पेट्रोल पुन्हा मिळू लागलं होतं, पण स्कूटीवरची साडी कुणी काढली नाही. सरस्वतीपूजेला तवमनं सायकल धुतली आणि मामी लावायच्या तिथंच चंदन लावलं, हँडलला आणि कॅरियरला. लोजिनीनंही भाचीची सायकल आणून शेजारी उभी केली.

दुसऱ्या दिवशी तिघी निघाल्या. लोजिनी सर्वांत पुढं, कारण तिला हळू चालवता येत नव्हतं. ती मोठमोठ्यानं बोलत होती, मागं वळून बोलायची सोय नसल्यानं समोरच्या रस्त्यालाच सांगत होती. बसमध्ये घामाचा कसा वास यायचा, आणि या बया कशा वर्षानुवर्षं गप्प बसल्या, मला आधीच का नाही शिकवलं. तवम आणि ज्ञानम तिच्या चाकावर नजर ठेवून मागं, ती कधी पडते या धाकात.

"अगं सावकाश," तवम ओरडली. "पुढं चौक आहे."

आणि मग तिच्या लक्षात आलं. चौक समोर होता, वळण मागं गेलं होतं. तिनं ज्ञानमकडे पाहिलं. ज्ञानमचे दोन्ही हात हँडलवर होते.

तवमनं चौकातून निमलनला रिंग दिली, आणि त्यानं उचलायच्या आत ठेवून दिली.