वासराच्या नावाचं औषध

कोंबडीला जंत झाले की ती काही ओरडून सांगत नाही. खाते पोटभर, उलट जास्तच खाते, पण उचलून घेतली की छातीचं हाड हाताला टोचतं. लालबुंद तुरा फिका पडतो. मग तिची शिट काडीनं उलटून बघायची. किळस करून चालत नाही. त्या वर्षी पावसाळा संपता संपता मी बघितली, तर शेवयांसारखे पांढरे जंत वळवळत होते.

आमचं घर बडोद्याला फतेगंजात, मागे अंगण असलेलं. सासरची मंडळी जुन्या संस्थानाच्या फौजेतली, त्यामुळे घरात कोंबडी-अंड्याचं कुणाला वावडं नव्हतं. पण तेव्हा सगळीकडे जुनी घरं पाडून फ्लॅट उठायला लागले होते. आमच्या समोरही चार मजली सोसायटी झाली. सगळे शाकाहारी. माणसं वाईट नव्हती हो, सणाला मिठाई पाठवायची. पण आमचा कोंबडा आरवला की आमच्या यजमानांची मान खाली जायची. मला म्हणायचे, "अगं, त्याला जरा लवकर आत घे." कोंबड्याला काय सांगू, हळू आरव म्हणून?

माझ्या आठ कोंबड्या होत्या. माझी आई शेवटची बडोद्याला आली ती टोपलीतून दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घेऊन आली होती. आई गेली. या आठही त्याच दोन तलंगांच्या पोटच्या. त्यातली बांडी कोंबडी तर अगदी आईनं आणलेल्या तलंगेसारखी, तसेच ठिपके, तशीच तिरकी मान. माहेरचं जिवंत असं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. म्हणून जंत दिसल्यावर माझा जीव खाली-वर झाला.

यजमान नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात होते. काम काय, तर कुठल्या पिंपात काय आणि किती पडतं ते काट्यावर तोलायचं. एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला तरी दुसऱ्यांना फैलावर घ्यायचे. त्यांच्या वाटेवर गुरांच्या औषधांचं दुकान होतं. मी म्हटलं, "अहो, येताना कोंबड्यांसाठी जंताचं औषध आणा. आठ आहेत आणि कोंबडा नववा, असं सांगा. किती द्यायचं ते नीट विचारून या."

त्यांनी बाटली आणली.

"किती द्यायचं?"

"झाकणभर घ्यायचं आणि चमच्यानं थोडं थोडं पाजायचं."

"थोडं म्हणजे किती?"

"अगं, कोंबडी केवढीशी! अंदाजानं. मी पाजतो, तू धर."

आणि मी धरलं. हेच माझ्या मनातून अजून जात नाही. एकेकीची चोच मी माझ्या हातानं उघडली.

दुपार व्हायच्या आत त्या दारू प्यायल्यासारख्या झुलायला लागल्या. चोचीतून लाळ, पाय वाकडे, मान मागे. मी पाणी पाजलं, सावलीत ठेवलं, नुसती इकडून तिकडे धावत होते. संध्याकाळपर्यंत पाच कोंबड्या गेल्या आणि कोंबडाही गेला. बांडी एका कुशीवर पडून होती, डोळा उघडा. सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. लेकाला म्हणाल्या, "कारखान्यात काटा आणि घरात झाकण! वा रे मर्दा!"  मेलेल्या चुना टाकून पुरल्या. कामवाली म्हणत होती की मला द्या, शिजवते. मी तिला पळवूनच लावलं. औषधानं मेलेलं कुणी खायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाटली पिशवीत घालून मी रिक्षानं त्या दुकानात गेले. गल्ल्यावर टिळा लावलेले, गळ्यात तुळशीची माळ असलेले भाई. मी बाटली त्यांच्यापुढे आपटली.

"भाई, हे काय दिलंत? माझ्या पाच मरघी मेल्या, कोंबडा मेला!"

"मरघी?" त्यांनी बाटली फिरवून बघितली. "बेन, भाईए तो वाछरडुं कह्युं'तुं!"

वाछरडुं! वासरू! मला आधी कळेचना. मग ते समजावून सांगायला लागले, की तुमचे मिस्टर वासराला जंत झालेत म्हणाले, मी किती मोठं विचारलं, ते म्हणाले सहा महिन्यांचं. म्हणून मी वासराचं जालीम औषध दिलं, वासराचं माप सांगितलं.

माझ्या कानशिलात जाळ झाला. ज्या घरात कधी गाय बांधली नाही, त्या घरात सहा महिन्यांचं वासरू!

"आणि मरघी म्हटलं असतं तर हाकललं असतं का तुम्ही?"

भाईंनी वळून मागचं कपाट उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत कोंबड्यांची औषधं. "बेन, आ बधुं मरघीनुंज छे. आणंदपर्यंतचे पोल्ट्रीवाले माझ्याकडे येतात. मी खात नाही, पण ती आजारी पडली तर औषध नको तिला? दवाच्या दुकानात शरम कसली?"

बघा! माळ घातलेल्या माणसाला शरम नव्हती. शरम होती ती फौजेतल्यांच्या नातवाला.

औषध मात्र त्यांनी लगेच दिलं नाही. आधी डॉक्टरांकडे जा म्हणाले. जनावरांचे डॉक्टर जवळच होते. मी दुसऱ्याच सकाळी काडेपेटीत ताजी शिट घेऊन गेले. त्यांनी ती काचेखाली बघितली आणि म्हणाले, विषबाधेतून जेमतेम वाचलेल्या आहेत, आठ-दहा दिवस दुसरं काही द्यायचं नाही. धडपणे खाऊ-पिऊ लागल्या की वजन करून आणा.

दुकानातून परतले त्या रात्रीच मी ह्यांना विचारलं होतं, "वासराचं नाव काय ठेवलंत?"

हे जेवत होते. घास हातातच राहिला.

"अगं, समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते दुकानात. त्यांच्या कुत्र्याचं औषध घ्यायला आले होते. त्यांच्यासमोर कसं..."

"त्यांना रोज पहाटे आपला कोंबडा ऐकू येत होता! त्यांना काय वाटत होतं, वासरू आरवतंय?"

सासूबाई फस्सकन हसल्या. मला हसू आलं नाही. मला एवढा राग आला होता की ताट उचलून आत गेले. हे चुकले याचा नव्हता हो राग, चूक कुणाचीही होते. राग याचा, की खोटं बोलल्यावरसुद्धा घरी येऊन मला सांगता आलं असतं. 'मी वासरू म्हणालोय, जरा थांब.' एवढं एक वाक्य. बाटली उघडायच्या आधी. सेक्रेटरींची लाज बाहेर वाटली असेल, पण माझ्याशी काय होतं?

बांडी चौथ्या दिवशी उभी राहिली. तिघी चांगल्या चरायला लागल्यावर मी भंगारवाल्याचा ताणकाटा मागून आणला. कोंबडी कापडी पिशवीत घालायची, डोकं बाहेर, आणि काट्याला टांगायची. सासूबाई पिशवी सावरत होत्या. वजनाची चिठ्ठी डॉक्टरांना दिली, त्यांनी तिघींच्या मानानं पावडर लिहून दिली. संध्याकाळी पाण्याचं भांडं उचलायचं, सकाळी तहानलेल्या असताना औषधाचंच पाणी ठेवायचं, तेही दोन-तीन तासांत संपेल एवढंच. दुसरीकडे कुठं डबकं नको, नळाखालची बादलीसुद्धा नको, नाहीतर त्या तिकडे जाऊन पितात. प्रत्येकीनं प्यायलं की नाही ते तिथं बसून बघायचं. बसायची जागा खरवडून कोरडी करायची, जुनं भुसकट जाळायचं. आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडं खायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. मी ती अंडी रोज खड्ड्यात फोडत होते. जीव तुटायचा, पण फोडली.

पोटात जंतांच्या बारीक अळ्या राहतात, म्हणून काही दिवसांनी दुसरा डोस लागतो. पावडर आणायची वेळ आली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "चला. तुम्ही मागायची. मी शेजारी उभी राहते."

रविवार होता, दुकानात पाच-सहा माणसं. हे गल्ल्यापाशी गेले. पुटपुटले काहीतरी.

मी म्हटलं, "मोठ्यानं."

"मरघी माटे," हे म्हणाले. "त्रण मरघी छे. जंताची पावडर."

कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. एकजण घोड्याच्या नालाचं विचारत होता, तो विचारतच राहिला. भाईंनी कपाटातून पुडी काढली, माप सांगितलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. झालं. एवढंच होतं ते. या एवढ्याशासाठी माझ्या आईच्या पाच कोंबड्या अंगणात चुन्याखाली होत्या.

परतताना स्कूटरवर हे मागे न बघता म्हणाले, "चुकलं माझं."

मी पुडी पदरात घट्ट धरून बसले होते. घरी गेल्यावर ह्यांनी कारखान्यातून मागून आणलेला छोटा काटा काढला, पावडर तोलली, पाणी मापून घातलं आणि अंगणात भांडं ठेवून स्वतः पाटावर बसले. बांडी आली, मान तिरकी करून एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि लांबच उभी राहिली. मी जवळ जाऊन बसले, तेव्हा कुठं तिनं चोच बुडवली.

मी ह्यांना म्हटलं, "बघा. ती विसरलेली नाही. मीही नाही."