गुणायचं होतं, मी भागलं

सकाळी तांदूळ निवडत होते तेव्हा फोन आला. सुरेखा होती, दामोदरभाऊंची बायको. "बाई, हे गेले," एवढंच म्हणाली. फोन ठेवला आणि उरलेले तांदूळ मी पुन्हा निवडत बसले. दुसरं काय करावं ते सुचेना... त्याला महिना होऊन गेला. भेटेल तो म्हणतो, तुम्ही त्यांच्या एवढ्या जवळच्या, लिहा काहीतरी. लिहिते. पण लोकांना हवा तसा हा लेख होणार नाही.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात भाऊ भौतिकशास्त्र शिकवायचे, मी गणित. कितीतरी वर्षं आमची टेबलं शेजारी. माणूस उजेडाचा वेडा. प्रयोगशाळेच्या कपाटात त्यांना एक जुना पितळी दिवा सापडला, हेफ्नरचा. त्यात जळणाऱ्या द्रवाला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. ज्योत बरोबर चार सेंटीमीटर ठेवली की तिचा उजेड म्हणजे एक हेफ्नर. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मन लोक या मापाने उजेड मोजत. इंग्रजांची मेणबत्ती वेगळी, फ्रेंचांचा कार्सेल नावाचा तेलाचा दिवा आणखी वेगळा. ही सगळी मापं कधीच मोडीत निघाली, पण भाऊंना त्यांचा भारी नाद. भर स्टाफरूममध्ये विचारायचे, "बाई, तुमच्या अंगनातला बल्ब किती कार्सेलचा हाये?" मी म्हणायची, "तुमच्या डोक्यात पडतो त्याहून जास्त." मग स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

निवृत्तीनंतर त्यांना काचबिंदू निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. भाऊ दोनदा गेले आणि कंटाळले. "त्यायच्या मशीनपेक्षा माझा दिवा काय वाईट हाये? घरीच मोजतो," म्हणाले. कॉलेजने भंगारात काढलेला तो दिवा त्यांनी घरी आणला. मागच्या खोलीच्या खिडक्या लावायच्या, भिंतीवर एक छापील पान डकवायचं, समोर बसायचं आणि सुरेखाला दिवा मागे मागे न्यायला सांगायचं. अक्षरं दिसेनाशी झाली की अंतर वहीत लिहायचं. त्यावरून वाचायला किती उजेड लागतो ते काढायचं. उजेड जास्त लागू लागला तर नजर घसरली, मग नागपूर गाठायचं, असा साधा मामला.

पुढे ते केळ्याच्या वासाचं द्रव संपलं. मग त्याच भंगारातला, जुन्या एका मेणबत्तीएवढा उजेड देणारा बल्ब त्यांनी लावला. आता आधीचे हेफ्नरचे आकडे मेणबत्तीत आणल्याशिवाय तुलना होईना. वही माझ्याकडे आली. "तुमीच करा बाई. माझ्या हातून चुका होतेत, तुमच्या हातून होतच नाई."

एक हेफ्नर म्हणजे मेणबत्तीचे साधारण नऊ दशांश. आधीचे आकडे नऊ दशांशाने गुणायचे होते. मी भागले. सातवीतल्या पोराला यासाठी मी बाकावर उभं केलं असतं. त्यामुळे आधी लागणारा उजेड खरा होता त्याहून कागदावर जास्त दिसला, थेट आता लागणाऱ्या उजेडाच्या बरोबरीला आला. म्हणजे नजर जागच्या जागी! पानाखाली मी लाल पेनाने 'फरक नाही' असं लिहिलं. भाऊंनी सुरेखाला हाक मारून ते दाखवलं आणि नागपूरला जायचं रद्द केलं.

आठ महिने ते गेले नाहीत. मग एका संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना पाय चुकला, खुब्याचं हाड मोडलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात कळलं, उजवा डोळा गेलेला, डावा निम्मा. दुसऱ्या दिवशी मी वही उघडली. चूक सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेच सांगायला दवाखान्यात गेले. भाऊ पडल्या पडल्या म्हणाले, "बाई, तुमचं गनित बरोबरच हाये. माझे डोयेच बेईमान निंगाले." उद्या सांगू, मनाशी म्हटलं... त्यांच्या छातीत कफ भरला, त्यातच ते गेले, आणि सांगायचं राहूनच गेलं. नंतर एका डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. असल्या घरगुती मोजणीने काचबिंदू कळतच नाही, म्हणाले. मला त्याचा काडीचा आधार वाटत नाही. भाऊ त्या मोजणीच्या भरवशावर थांबले होते, आणि ती मी बिघडवली.

गेल्या आठवड्यात सुरेखाने बोलावलं. मागच्या खोलीच्या खिडक्या लावलेल्या, भिंतीवर नवं पान, बल्ब जागेवर. त्यांची मुलगी प्रज्ञा समोर बसलेली. तिच्याही डोळ्यांत तेच निघालंय. घराण्यात येतं म्हणे. सुरेखाने वही माझ्यापुढे धरली. "बाई, हिचंबी तुमीच लिवा. हिच्या बाबाचा लय भरोसा होता तुमच्यावर."

मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. "हिच्या बाबाले सांगतलं होतं तुमी?" सुरेखाने विचारलं. नाही म्हटलं. ती उठली, एकेक खिडकी उघडली, भिंतीवरचं पान ओरबाडून काढलं. "उद्या पहिल्या गाडीनं नागपूर," पोरीला म्हणाली. मी येते, असं मी म्हटलं.

सकाळी मी स्टँडवर गेले. तिघांच्या सीटवर सुरेखा खिडकीशी बसली, पोरीला मधे घेतलं. मी कडेला टेकले. नागपूर येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.