नाऱ्याची बाजू

"आधी वाईट सांगा."

ताईंचा फोन असा सुरू व्हायचा. नमस्कार नाही, कसे आहात नाही, बाहेर बर्फ किती पडलंय याची चौकशी नाही. मी एकदा म्हणालो, "ताई, निदान जेवलात का एवढं तरी विचारा." त्या म्हणाल्या, "नागपूरकर उपाशी राहतोय होय? बोला, आधी वाईट सांगा."

तुमच्याही ओळखीत फोनवर दहा मिनिटं हवापाणी बोलून मग हळूच मुद्द्याला हात घालणारी माणसं असतील. मी त्यातलाच. त्यामुळे सुरुवातीला या बाईंचा फोन दिसला की मी तो उचलायला मुद्दाम वेळ लावायचो.

ताई मूळच्या इचलकरंजीच्या. कॅनडात येण्याआधी त्या बरीच वर्षं फ्रान्समध्ये, एका डोंगरी खोऱ्यात नोकरीला होत्या. तिथे म्हणे घराघराला लागून छोटे कारखाने, आणि सगळे यंत्रांचे बारीक सुटे भाग बनवणारे. एरवी एकमेकांचे स्पर्धक, पण मोठं काम आलं की वाटून घेणार. एकाचं मशीन बंद पडलं तर शेजारचा त्याचा माल पुरा करून देणार. अशा गटाला तिकडे क्लस्टर म्हणतात. ताई म्हणायच्या, "त्यात नवीन ते काय? आमच्या इचलकरंजीत एका गल्लीत सूत, दुसऱ्या गल्लीत माग. फक्त आम्ही त्याला क्लस्टर म्हणत नव्हतो, गाव म्हणत होतो."

इथे कॅनडातल्या लव्हाल या फ्रेंच बोलणाऱ्या शहरात विमानांचे सुटे भाग बनवणारे आम्ही दहा-बारा छोटे कारखानेवाले. आमची अशी मोट बांधायचं काम ताईंकडे आलं. माझा कारखाना म्हणजे तसा कारखानाही नव्हे. दुसऱ्यांनी बनवलेल्या भागांना चमकणारा रंग लावायचा, अंधाऱ्या खोलीत विशिष्ट दिव्याखाली धरायचे आणि भेग आहे का ते बघायचं. भेग असली की तिथे हिरवी रेघ उजळते.

महिन्यातून एकदा सगळ्यांची बैठक व्हायची. दाराजवळ कॉफीचं भांडं, त्याशेजारी ताईंची खुर्ची. प्रत्येकाने आधी आपल्याकडे काय बिघडलं ते सांगायचं, मग बाकीचं. ही त्या खोऱ्यातली पद्धत. दुसऱ्याचं वाईट सांगायचं नाही, ज्याचं त्याने सांगायचं. कुणी "या महिन्यात वाईट काही नाही" म्हणाला की ताई गोड फ्रेंचमध्ये विचारायच्या, "मग महिनाभर कारखाना बंद होता का?"

मला हे सगळं अशुभ वाटायचं. एकदा चिडून म्हणालो, "ताई, शुभ बोल रे नाऱ्या तर म्हणे मांडवाला आग लागली, तशी गत आहे तुमची."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला लहानपणापासून कळलेलं नाही, त्या नाऱ्याचं चुकलं काय? मांडवाला आग लागलीच होती ना? मग त्याने काय पंगत उठल्यावर सांगायचं होतं?"

मराठी मंडळाच्या गणपतीतही त्या आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावून विचारायच्या, "आधी वाईट सांगा. भात कमी पडणार का?" बायका नाकं मुरडायच्या. पण एका वर्षी भात खरंच कमी पडला, आणि ताईंनी तोवर कुणाला तरी तांदूळ आणायला पिटाळलंही होतं.

आमच्या गटात ताईंना पुरून उरलेला एकच माणूस होता, ल्यूक. बापजाद्यांपासूनचा इथलाच. कारखाना मोठा, माणूस कसबी, पण झाकली मूठ. मागच्या खोलीत त्याने स्वतः धातूचे भाग तापवून कडक करायची एक भट्टी बसवली होती आणि तिच्या आसपास तो कुणाला फिरकू देत नसे. बैठकीत त्याची पाळी आली की खांदे उडवून म्हणायचा, "लाइट गेले होते थोडा वेळ." ताई माझ्याशी मराठीत बोलायला लागल्या की तो त्यांची नक्कल करायचा. "आदी वाईत," म्हणायचा आणि हसायचा.

मग एका वर्षी आमची कामं आटली. ज्या मोठ्या कंपनीवर आम्ही सगळे पोट भरायचो तिने काम दुसरीकडे हलवलं. दोन-तीन कारखाने हिवाळा काढतील की नाही अशी अवस्था होती, आणि त्यात पहिला नंबर ल्यूकचा होता. तशातच फ्रान्सच्या त्या खोऱ्यातल्या गटाला मोठं काम मिळालं. त्यातला निम्मा भाग समुद्राच्या या बाजूला बनवून हवा होता. ताईंचा त्यांच्याशी वर्षभर पत्रव्यवहार चालूच होता, आणि आता तिकडची माणसं आम्हाला बघायला यायचं ठरलं. नमुन्याचे भाग ल्यूकने बनवले होते.

ज्या दिवशी पाहुणे येणार त्या सकाळी मी ते भाग शेवटची तपासणी म्हणून दिव्याखाली धरले. एकावर हिरवी रेघ. मग दुसऱ्यावर. मी हात पुसून पुन्हा बघितलं.

ल्यूकला फोन केला. तो धावतच आला. बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आज बोलू नकोस. पाहुणे सह्या करून जाऊ देत. उद्या मी नवे करतो." माझं निम्मं काम त्याच्याकडून यायचं, हे आम्ही दोघेही जाणून होतो.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आधी वाईट सांगा," ताई म्हणाल्या.

ल्यूकला मराठी येत नव्हतं, पण एवढं त्याला कळत होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "ताई, पार्ट्स क्रॅक झालेत. ल्यूक इथेच आहे."

त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम केलंत. आता बैठकीत तुम्ही बोलायचं नाही. मीही बोलणार नाही."

ल्यूकने निघताना माझ्याकडे बघितलंही नाही.

पाहुणे आले. त्यांच्यात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मुख्य होते. कॉफी झाली. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पद्धत तुमचीच आहे. आधी वाईट." आणि खाली बसल्या.

कुणी बोलेना. ताई समोर बघत होत्या, ल्यूककडे एकदाही नाही. त्यांची वर्षभराची मेहनत आणि आम्हा सगळ्यांची पोटं त्या एका माणसाच्या तोंडावर अवलंबून होती, आणि तो टेबलाकडे बघत होता. मला त्या बाईंचा राग आला, खरं सांगतो. एवढा हट्ट कशासाठी, असं वाटलं.

मग ल्यूकची खुर्ची सरकली. "नमुन्यांना भेगा आहेत," तो म्हणाला. "चूक माझ्या भट्टीत आहे. कुठे आहे ते मला सापडत नाही."

त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी सह्यांचे कागद मिटून ठेवले. मग त्यांनी विचारलं, "भट्टी बघता येईल?"

ल्यूकने ती खोली उघडली. त्या दिवशी आम्हीही ती पहिल्यांदाच पाहिली. सह्या काही झाल्या नाहीत. पाहुणे परत गेले आणि आम्ही हात चोळत बसलो. पण काही आठवड्यांनी तिकडून भट्टीतला एक जाणकार आला, ल्यूकच्या कारखान्यात राबला आणि चूक काढून गेला. मागोमाग छोटं काम आलं, मग थोडं मोठं. त्या हिवाळ्यात कुणाचा कारखाना बंद पडला नाही. ल्यूक माझ्याशी मात्र वसंतापर्यंत बोलला नाही.

पुढल्या वर्षी एका बैठकीत ताईच पहिल्या उभ्या राहिल्या. "आधी वाईट," त्या म्हणाल्या. "मला आजार झालाय. डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही." भात कमी पडणार हे सांगावं तशा आवाजात त्यांनी ते सांगितलं. मग म्हणाल्या, "आता चांगलं. फ्रान्सचं काम आणखी दोन वर्षांसाठी मिळालंय. पुढचा कोण?"

पुढचा उठून कॉफी ओतायला लागला. ताईंनी वाट बघितली.

ताई गेल्यानंतरच्या पहिल्या बैठकीला आम्ही सगळे वेळेवर जमलो. कॉफी कुणीतरी करून ठेवली होती. दाराजवळची खुर्ची रिकामी होती आणि सुरुवात कुणी करायची ते कुणालाच कळत नव्हतं.

शेवटी ल्यूक उभा राहिला. "आदी वाईत," तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात नक्कल नव्हती. तो त्या खुर्चीकडे बघत राहिला, आणि मग फ्रेंचमध्ये म्हणाला, की लेथवर त्याचे काही भाग वाया गेलेत, चूक त्याचीच आहे.

मग शेजारच्याने आपलं सांगितलं, त्याच्या पुढच्याने त्याचं. माझी पाळी आली, मीही माझं सांगितलं. ताईंचं कुणीच काही बोललं नाही. त्यांचं वाईट त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं.