केसभरकाकी आणि सरळ दिसणारं स्टिअरिंग

काकीला खरं नाव आहे, पण ते आता फक्त लाईटच्या बिलावर उरलंय. बाकी सगळ्या गल्लीला ती केसभरकाकी. कारण दिवसभर गाडीत बसून तिचं एकच चालू असतं, "केसभर डावीकडे! अहो, केसभर म्हटलं, वीतभर नाही!" आणि हे ती ओरडते कोणावर, तर गाडीखाली पाठीवर झोपलेल्या स्वतःच्या नवऱ्यावर.

दुकान दोघांचं. काम एकच, डोंगरात जाणाऱ्या गाड्या उंच करायच्या. स्प्रिंगा बदलायच्या, मोठी चाकं बसवायची. पण गाडी उंच केली की एक भानगड ठरलेली. स्टिअरिंगकडून चाकांकडे एक लांब दांडा जातो, त्याचा कोन बदलतो. मग चाकं नाकासमोर असतात आणि स्टिअरिंग मात्र मान वाकडी करून बसतं. त्याला इलाज असा की खाली झोपायचं, दांड्यावरची आट्यांची नळी पान्याने फिरवायची, दांडा जरासा लांब नाहीतर आखूड करायचा आणि स्टिअरिंग सरळ आणायचं. नळी काका फिरवणार. सरळ आलं की नाही ते वर बसून काकी सांगणार.

काकी मुळात शिवणकाम करायची. लग्नानंतर एकदा दुकानात डबा घेऊन आली, त्याच दिवशी काकाचा मदतनीस पळाला होता. काका म्हणाला, "जरा बस आणि हे धर." ती बसली ती बसलीच. शिवणाऱ्या माणसाच्या डोळ्याला वाकडं खपत नाही, तसं झालं. घरी सकाळी चहावरून वाजलेलं असलं तरी दुकानात खालून "आता?" यायचं आणि वरून "अजून!" जायचं. त्या दोघांना अबोला धरायचा असला तर सुट्टीच्या दिवशीच धरावा लागायचा.

तर झालं असं. काकी दाढ काढायला गेली. गालाचा फुगा घेऊन परत आली तर भोंग्याची गाडी तयार होऊन उभी. भोंगा म्हणजे डोंगरावर पाईप टाकणाऱ्या कामगारांना ने-आण करणारी ड्रायव्हर बाई. आवाज असा की हॉर्न बिघडला तरी तिचं अडत नाही.

"झालं?" काकीने सुजलेल्या तोंडाने विचारलं. "माझ्याशिवाय?"

"का? डोळे काय तुला एकटीलाच दिलेत?" काका म्हणाला.

काकीने आत डोकावून पाहिलं. स्टिअरिंग ओळंबा लावल्यासारखं सरळ. दाढ ठणकत होती. ती गोळी घ्यायला आत गेली. भोंगा गाडी घेऊन गेली.

आणि पुढच्या आठवड्यात परत आली. तक्रार करायला नाही हं, सहज, ऑईल बघायला. खाली पडलेल्या टायरवर बसून चहा पिता पिता म्हणाली, "काकी, स्टिअरिंग झकास आहे, पण उजव्या वळणाला अर्ध्यातच अडतं बघ. वरच्या वळणावर गाडी मागे घ्यावी लागते. मागे दरी, आणि माझी माणसं मागे बसल्या बसल्या देवाचं नाव घेतात."

"मोठी चाकं आहेत," काका घाईघाईने म्हणाला. "तेवढं चालायचंच."

काकीला ते पटेना. कारण मोठ्या चाकांचं असलं तर दोन्हीकडे अडलं असतं. तिने चावी घेतली आणि गाडी मागच्या मोकळ्या मैदानात नेली. सरळ चालवताना स्टिअरिंग हातात सैल लागलं. डावीकडे वळवलं तर फिरतच राहिलं, उजवीकडे वळवलं तर लगेच थडकलं. तिने हॉर्नचं झाकण काढलं. आतल्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे.

तिला सगळं कळलं. काकाने दांड्याला हातच लावला नव्हता. नट सोडून स्टिअरिंगच उपटलं होतं, दोन दाते सरकवून सरळ दिसेल असं परत ठोकलं होतं. वरून सगळं ठाकठीक, स्टिअरिंगचं फिरणं दांड्यापर्यंत पोचवणारा आतला बॉक्स मात्र एका अंगाला वळलेलाच, म्हणून उजवीकडे फिरायला जागा कमी. पोरासोरांनी असलं काम केलं तर काका त्यांना दुकानाबाहेर काढायचा. तोच काका!

गाडी आत लावून ती त्याच्या समोर उभी राहिली. "अहो, खाली झोपलाच नाहीत तुम्ही."

काका फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे होते.

"उजवा हात वर करा."

"काय लावलंयस गिऱ्हाईकासमोर?"

"वर करा म्हणते ना."

त्याने केला. खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. चेहऱ्याचा रंग उडाला. काकीला एकदम आठवलं, गेले काही महिने हा शर्ट घालताना तिच्याकडे पाठ करून बसायचा. तिला वाटायचं रुसलाय. तिनेही मग मुद्दाम विचारलं नव्हतं. आपलाच राग आला तिला, आणि त्याचाही आला, दोन्ही एकदम.

"हळू बोल," काका पुटपुटला. "पान्याला जोर लागत नाही. गंजलेली नळी हलतच नाही माझ्याने. बाहेर कळलं तर कोण येईल इथे? हिला सांगू नकोस. गुपचूप नीट करून देऊ."

"तिच्या मागे माणसं बसतात."

"गाडी पडली का? नाही ना?"

हे वाक्य काकीला त्या दाढेपेक्षा जास्त लागलं. आयुष्यभर ज्याच्याबरोबर बसून काम केलं तो माणूस असं बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. त्यालाही वाटलं नसावं, कारण बोलून तो खालीच बघत राहिला.

काकीने पदर खोचला आणि स्वतः गाडीखाली शिरली. "तुम्ही वर बसा."

पहिल्यांदाच. खालून गाडी वेगळीच दिसते, पोट फाडलेल्या जनावरासारखी. गंज डोळ्यात पडत होता. तिने दांडा सोडवला. वर काकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बॉक्स मधोमध आणला, स्टिअरिंग काढून मूळच्या दात्यांवर बसवलं. मग चाकं सरळ ठेवून दांडा जोडायचा आणि नळी फिरवायची. नळी खरंच हलत नव्हती. काकीने पान्यावर पाय दिला तेव्हा कुठे करकरली.

"डावीकडे... घेतेस का जरा?" वरून काका म्हणाला. इतक्या आदबीने तो कधी सासऱ्याशीही बोलला नव्हता.

"ओरडा की! मला ऐकू येत नाही."

"डावीकडे!"

नळी घट्ट धरून ठेवणारे क्लॅम्प तिने आवळले, परत आवळले. मैदानात फेरी मारली. दोन्हीकडे सारखं वळत होतं. मग ती भोंग्यासमोर जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. काका शेजारी उभा होता.

भोंग्याचा आवाज चढला तो पार नाक्यापर्यंत गेला. "काका, मी डोळे झाकून गाडी टाकते तुमच्याकडे! हात दुखतोय म्हणाला असतात तर मी थांबले असते की! दुसऱ्या कोणी केलं असतं ना, तर गचांडी धरली असती!" समोरचा पंक्चरवाला काम सोडून बघायला आला. भोंगा दम घ्यायला थांबली आणि हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानाने हळू, विचारलं, "अजून कोणाची केलीत अशी?"

काकी म्हणाली, "कोणाची नाही." एका क्षणात म्हणाली. शपथ घ्यायलाही तयार होती.

काका म्हणाला, "दोन."

एक गुरांच्या डॉक्टरची, एक मधमाश्या पाळणाऱ्याची. दोन्ही गाड्या काकी बाजारात असताना आल्या होत्या आणि ती परत यायच्या आत गेल्या होत्या. दोघंही रोज डोंगरात.

फोन डॉक्टरही उचलेना आणि मधवालाही. दुकानाचं शटर ओढलं आणि दोघं आपल्या खटाऱ्यात बसली. काकी चालवत होती. वाटेत काका म्हणाला, "तू बोल. तुझ्यावर माणसं पटकन चिडत नाहीत."

"तुम्ही बोलणार. मी उतरणारसुद्धा नाही."

डॉक्टरची गाडी अंगणात उभी दिसली तेव्हा काकीला हायसं वाटलं. काका उतरला. दार उघडलं, बोलणं सुरू झालं. इंजिनाच्या आवाजात काकीला काही ऐकू येईना. फक्त दिसत होतं. डॉक्टरने आधी हसून मान हलवली, मग हसू गेलं. मग तो काकाला तिथेच सोडून सरळ तिच्या खिडकीशी आला.

"काकी, हे खरं आहे?"

"खरं आहे. चावी द्या, आजच करून देते."

"कोण करणार?"

"मी."

डॉक्टरने तिच्या हातांकडे पाहिलं. चावी खिशात टाकली. "राहू द्या. मी दुसरीकडे नेतो. सांगितलंत ते बरं केलंत."

काका येऊन शेजारी बसला. दार एका ओढण्यात लागलं नाही. काकीने वाकून ते ओढून घेतलं.

"मधवाला कुठे असतो आता?"

"वर. पार वरच्या वस्तीत."

काकीने गाडी वळवली.