हळदीच्या शेतातला कॅम्प

सिद्रामप्पा तिसऱ्यांदा ओरडला, तेव्हा मी शिपायाला बंदूक भरायला सांगितली.

"हळ्ळ बरतद! एळ्री साहेब, एळ्री!"

भर दुपार होती. निजामाच्या राज्यात मी सर्व्हेअर होतो. म्हणजे साखळीनं शेतं मोजायची, नकाशा काढायचा आणि त्यावर प्रत्येक शेताचं नाव टाकायचं. नळदुर्गच्या पलीकडचं हे गाव कानडी बोलणारं. मी तुळजापूरचा. घरात मराठी, शाळेत उर्दू, वर थोडी इंग्रजी. आता कानडी कशाला लागतंय, असं मला वाटायचं. शेताचं नाव विचारलं तर मालक सिद्रामप्पा म्हणाला, "हळ्ळद होल." मी ऐटीत लिहिलं, 'हळदीचं शेत'. हळदीचं एक रोप दिसत नव्हतं, पण तेवढ्यानं माझं काही अडलं नाही. मऊ, सपाट जमीन बघून तिथंच कॅम्प ठोकला.

आता तोच सिद्रामप्पा काठी नाचवत 'हळ्ळ, हळ्ळ' करत धावत आला होता. मला ऐकू आलं 'हल्ला'. दिवसही तसेच होते. गावोगाव माणसं एकमेकांकडं संशयानं बघत होती.

"गाववाले हल्ला करनेवाले हैं," मी शिपायाला म्हणालो.

"आने दो." त्यानं नेम धरला.

सिद्रामप्पा थबकला. त्यानं काठी टाकली आणि माझ्या पाठीमागं बोट दाखवलं.

ओढा आला होता. वर कुठंतरी पाऊस झाला होता. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. तंबू, टेबल, तीन आठवड्यांचे नकाशे आणि मी, सगळे एकदमच वाहत निघालो. ज्याच्यावर बंदूक रोखली होती, त्यानंच पटका सोडून फेकला आणि मला ओढून काढलं. शिपाई कधीच बाभळीवर चढला होता.

हळ्ळ म्हणजे ओढा. होल म्हणजे शेत. 'ओढा येतोय, उठा साहेब' एवढंच तो ओरडत होता, हे मला चिखलात बसून कळलं.

उस्मानाबादला मोठ्या साहेबांनी रिपोर्ट वाचला.

"पहरा किधर लगाया था?"

"गाँव की तरफ, हुजूर."

"और पानी किधर से आया?"

"पीछे से."

साहेबांनी मला परत त्याच गावी धाडलं. महिनाभर सिद्रामप्पाच्या ओट्यावर बसून एकेका शेताच्या नावाचा अर्थ विचारला. कुठं खडक, कुठं पाणी, सगळं त्या नावांतच होतं. मोजायच्या आधीच गाव दिसायला लागलं. कानडी जरा कळायला लागल्यावर आणखी एक समजलं. सिद्रामप्पा रोज शेजाऱ्यांना माझी बुडतानाची नक्कल करून दाखवत होता. हुबेहूब.

नव्या मुलखात गेल्यावर आधी पाण्याचे शब्द शिकावेत. जेवण काय, हातवारे करूनही मागता येतं.