हाफ तिकिटाला लावलेली शिस्त

आमच्या साडभाऊंच्या मते या जगात माणसं दोनच प्रकारची असतात, गाडीत चढलेली आणि खाली राहिलेली. आणि शिस्त दोघांनाही नसते. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, म्हणून ते माझे साडभाऊ. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना नुसतं भाऊ म्हणतो. अख्खी नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलरस्त्यावर एसटीची कंडक्टरकी करण्यात गेली. रिटायर होऊन आमच्याच गावात आले, पण गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदीची बादली घेऊन ताटकळलेला, आणि हे ओरडणार, "चला, मधात जागा हाय, मांग सरका!" देवळाच्या दारात उभं राहून आरती म्हणणाऱ्याला आत ढकलल्याशिवाय यांना देव दिसत नाही. माझ्या मोटारसायकलवर मागं बसले की माझ्या पाठीवर दोन थापा म्हणजे निघ, एक थाप म्हणजे थांब. एकदा त्यांना जोराचा ठसका लागला, हात माझ्या पाठीवर आपटला, मी इमानदारीनं करकचून ब्रेक दाबला, आणि आम्ही दोघं धानाच्या बांधीत चिखलात बसलो. वर मलाच म्हणतात, "काऊन थांबला? स्टॉप होता का इथी?" आता अशा माणसाला काय म्हणावं!

त्यांची बायको, आम्ही सारे तिला बाईच म्हणायचो, याच्या अगदी उलट. शिस्त तिला ठाऊकच नव्हती. अंगणात कोणी पाऊल टाकलं की ती त्याचं मनगट धरायची आणि सरळ चुलीपाशी न्यायची. "जेवून आलो म्हनता, मंग तोंड काऊन असं सुकलं? बसा इथी." सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर नीट बसून पाणी पिऊन परत गेलेला पाहुणा त्या घरानं पाहिलाच नाही. एकदा वीजमीटर पाहायला आलेला माणूस तीन भाकरी खाऊन गेला आणि मीटर पाहायचं विसरला.

तिनंच एकदा बसस्टँडवरून कुत्र्याचं पिल्लू पदरात घालून आणलं. भाऊ तेव्हा ड्युटीवर होते, त्यांनी भर गाडीत विचारलं, "याचं तिकीट?" ती म्हणाली, "हाफ मारा." झालं, नाव पडलं हाफ तिकीट. पुढं ते वासराएवढं वाढलं, नाव तेवढंच राहिलं. कुत्रा मालकिणीवर गेला. कोणी आलं की शेपटीसकट अंगणभर नाचायचा, मग पाहुण्याचं मनगट अलगद तोंडात धरायचा आणि ओढत चुलीकडे घेऊन जायचा. दात लावायचा नाही, पण कोपरापर्यंत लाळ. गावाला सवय होती. धोतराला हात पुसत लोक जेवायला बसायचे.

मग बाई आजारी पडली आणि गेली. पावसाळ्याच्या तोंडावर गेली, गावात पेरणीची घाई होती, तरी सारं गाव जमलं. तिरडी उचलायची वेळ झाली. सगळे भाऊंच्या तोंडाकडे पाहत होते. जन्मभर या माणसानं घंटीची दोरी ओढून गाड्या सोडल्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडून 'चला' निघेना. सारखे मागं वळून पाहत होते, कोणी राहिलं आहे का म्हणून. शेवटी मीच म्हणालो. तो शब्द मला अजून टोचतो.

भेटीला माणसं येत राहिली आणि हाफ प्रत्येकाचा हात धरून चुलीपाशी नेत राहिला. तिथं चूल थंड. माणूस उभा, कुत्रा उभा. बाया तिथंच रडायला लागायच्या. भाऊ सपरीत बसून राहायचे, आत यायचे नाहीत.

मातीला एकटीच धावून आलेली त्यांची एकुलती लेक त्यानंतर नागपूरहून पुन्हा आली, नवरा आणि लहान मुलीला घेऊन. हाफनं रिवाजाप्रमाणं त्या पोरीचं मनगट धरलं. पोर किंचाळली, हात ओढला, दाताचा ओरखडा उठला. गडचिरोलीला दवाखान्यात नेलं, सुया झाल्या. जावई भला माणूस, आवाज चढवला नाही, पण जाताना सांगून गेला, "बाबा, हा कुत्रा असेपर्यंत आम्हाला जमणार नाही." राखी गेली, दिवाळी गेली, अक्षय तृतीया गेली. लेक आली नाही. गावानं सल्ले दिले. कोणी म्हणालं शेतावर बांधा, कोणी म्हणालं जंगलात सोडा, बिबट्या पाहून घेईल. भाऊ एवढंच म्हणाले, "तिनं आनला हाय तो. मी कसा उतरवू?"

म्हणून त्यांनी हाफला शिस्त लावायला घेतली. तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच त्यांच्या ट्रंकेत होता. तो टक् वाजला की हाफनं बसायचं आणि पाहुण्याच्या हाताकडे बघायचंही नाही. बसला तर सुका झिंगा बक्षीस. भाऊंच्या खिशाला झिंग्यांचा असा वास सुटला की गावातली सारी मांजरं त्यांच्या मागं. आणि पाहुणे म्हणून आम्ही! "चला, उतरा, परत चढा," म्हणत आम्हाला फाटकातून आतबाहेर करायला लावायचे. हात पाठीमागं, मान सरळ, कुत्रा बसेपर्यंत हलायचं नाही. सरपंच एकदा कामासाठी आले, त्यांनाही दोनदा उतरवून चढवलं. "कुत्र्याले येते हो," भाऊ वैतागून म्हणायचे, "मानसालेच शिकवा लागते." खरंच, कुत्र्याआधी गाव शिकलं. ग्रामसभेतसुद्धा लोक हात पाठीमागं बांधून उभे राहायला लागले. आणि एके दिवशी हाफही शिकला. टक् वाजलं, बसला, मान खाली. भाऊंनी त्याच दिवशी लेकीला फोन लावला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, ती तिघं आली. पोरीच्या हातात लाकडी बैल. भाऊंनी खाटेवर नवी चादर टाकली होती, तबकात पाण्याचे पेले मांडले होते. मी कोपऱ्यात उभा होतो, सवयीनं हात पाठीमागं. टक्. हाफ बसला. पोरीनं घाबरत त्याच्या डोक्याला हात लावला, तो हललासुद्धा नाही. जावई म्हणाला, "वा बाबा, कमाल केली!" भाऊंची छाती फुगली. त्यांनी स्वतः पाणी दिलं. लेक खाटेच्या कडेला बसली. पेला हातात, नजर चुलीकडच्या दाराकडे. मग ती हळूच म्हणाली,

"बाबा, मी पाहुनी झाली का हो?"

आणि रडायलाच लागली. खाली बसून तिनं मनगट हाफच्या तोंडापुढं धरलं. "धर ना रे. ने ना मले आत." हाफनं तोंड फिरवलं आणि भाऊंकडे बघितलं, शहाण्यासारखं, झिंग्याच्या आशेनं. भाऊ म्हणाले, "धर बे. धर म्हनतो ना!" तो आणखी ताठ बसला. भाऊंनी पंच काढला आणि तसाच खिशात ठेवला. त्याची एकच भाषा, बस. मग त्यांनी स्वतःचा हात पुढं केला. पण आमच्याकडे बाप लग्न झालेल्या लेकीचा हात धरत नाही, त्यांना ते कोणी शिकवलंच नव्हतं. हात अर्ध्यात आला आणि पेला उचलून परत गेला. संध्याकाळच्या गाडीनं ती तिघं गेली. वाईट कोणी काहीच बोललं नाही, तेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

आता भाऊंनी उलटी शिकवणी धरली आहे. सकाळी मला बोलावतात, माझ्या मनगटाला दोऱ्यानं झिंगे बांधतात आणि फाटकातून आत यायला लावतात. मी हात पुढं करून उभा राहतो. हाफ बसतो, जिभल्या चाटतो, मान खाली घालतो. "धर बे बापू," भाऊ त्याच्या कानाशी बसून विनवतात, "आता कोनी रागावनार नाई." तो धरत नाही. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि मला म्हणतात, "उद्या पाहू. दिवाळीले येतो म्हनते पोरगी." मी बरं म्हणतो, पण हात लगेच मागं घेत नाही.